डमी बटणाचे अर्थकारण

२०१३ साली मर्सिडीज-बेंझने अमेरिकेच्या बाजारात सीएलए २५० ही गाडी आणली आणि तिची सुरुवातीची किंमत ठेवली २९,९०० डॉलर. तीस हजारांच्या आत मर्सिडीजचा तारा मिळतो आहे, याचेच तेव्हा सगळ्यांना अप्रूप होते. पण या किमतीत गाडी मागे घेताना मागचे दाखवणारा कॅमेरा मिळत नव्हता. तो हवा असेल, तर मोठा पडदा, नकाशे वगैरेंचा वेगळा संच जादा पैसे मोजून घ्यावा लागे. त्याच सुमारास होंडाची अकॉर्ड ही मध्यमवर्गीय घरात शोभणारी गाडी तिथे मिळत होती. तिचे सर्वांत खालचे मॉडेल २२ हजार डॉलरच्या आत होते आणि कॅमेरा त्या मॉडेलपासूनच दिलेला होता. म्हणजे आठ हजार डॉलर जास्त मोजणाऱ्या ग्राहकाला जी सोय नाकारली गेली, ती कमी मोजणाऱ्याला न मागता मिळाली. हा प्रकार एका गाडीपुरता किंवा एका कंपनीपुरता असता, तर त्यावर प्रकरण लिहिण्याचे कारण नव्हते. पण आलिशान गाड्यांच्या पहिल्या पायरीवर तो इतक्या नेमाने आढळतो की त्यामागे काही तर्कशास्त्र असणार, हे उघड आहे. ते तर्कशास्त्र समजून घेतले, तर गाडीबरोबरच आपण रोज विकत घेतो अशा कितीतरी वस्तूंच्या किमती कशा ठरतात, हेही उलगडते.

भारतात हेच चित्र आणखी ठसठशीत दिसते, कारण इथे उन्हाळा आहे. छिद्रे पाडलेल्या चामड्याखालून हवा खेळवणारी सीट, जिला आपण व्हेंटिलेटेड सीट म्हणतो, ती नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत बसताना किती सुखाची असते, हे वेगळे सांगायला नको. तिची रचनाही साधी आहे. सीटच्या फोममध्ये हवेसाठी वाटा कोरलेल्या असतात, आत छोटे पंखे असतात, वर बारीक छिद्रांचे आवरण असते, आणि पंख्यांची गती कमी-जास्त करायला एक बटण असते. साब या स्वीडिश कंपनीने १९९७ साली आपल्या ९-५ या गाडीत ती आणली. भारतात २०१७ मध्ये ह्युंदाईच्या व्हर्नात आणि २०१९ मध्ये कियाच्या सेल्टॉसमध्ये ती मिळू लागली. चारी बाजूंचे चित्र जोडून दाखवणारा ३६० अंशांचा कॅमेरा २०२२ मध्ये मारुतीच्या बलेनोपर्यंत येऊन पोहोचला. त्याच वर्षांत ४० ते ५० लाखांना विकल्या जाणाऱ्या कित्येक युरोपीय गाड्यांत मात्र यांतले एक किंवा दोन्ही नव्हते. अशा गाड्यांच्या डॅशबोर्डवर किंवा गिअरच्या बाजूला नीट पाहिले, तर कधी कधी एक कोरे बटण दिसते. आकार बटणाचा, जागा बटणाची, पण त्यावर ना चिन्ह ना दिवा, आणि दाबले तर काही होत नाही. गाड्यांच्या दुनियेत याला डमी बटण म्हणतात. साचा सगळ्या मॉडेलना एकच असतो; वरच्या मॉडेलमध्ये तिथे सोय असते, खालच्यात झाकण. त्या झाकणाची जागा कोण ठरवतो आणि कशासाठी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

पहिले उत्तर सहज सुचते : खर्च. गाडी स्वस्त द्यायची म्हणून काहीतरी गाळावे लागते, त्यात नवल काय? हे उत्तर पूर्ण खोटे नाही. एक सोय वाढवली की सुटा भाग वाढतो, वायरिंग वाढते, वजन वाढते, ती सोय थंडीत आणि उन्हात तपासावी लागते, आणि वॉरंटीत बिघडली तर बदलून द्यावी लागते. भारतात तर प्रत्येक सोयीवर करही चढतो. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर होता. शिवाय महाराष्ट्रात वाहन करही किमतीच्या टक्केवारीने लागतो. तरीही खर्चाचे गणित एका ठिकाणी अडते. तीच सोय १५ लाखांच्या गाडीत बसवून कंपनीला नफा उरतो, तर ४५ लाखांच्या गाडीत ती का परवडू नये? महाग गाडीतली वस्तू अधिक टिकाऊ, अधिक नाजूक कारागिरीची असेल, असे मानले, तरी पंखे, कॅमेरे आणि त्यांच्या तारा यांचा खर्च एकूण किमतीच्या मानाने फार थोडा आहे. खर्च हे कारण असते, तर सर्वांत आधी महाग वस्तू गळाल्या असत्या. प्रत्यक्षात मोठी अलॉय चाके, एलईडी दिवे, रुंद जाळी आणि मोठे पडदे जागच्या जागी राहतात आणि गळतात त्या तुलनेने स्वस्त सोयी.

खर्चाचे उत्तर किती तोकडे आहे, हे गेल्या दहा वर्षांत कंपन्यांनीच दाखवून दिले आहे. २०१६ साली टेस्लाने मॉडेल एस ६० या नावाने जी गाडी विकली, तिच्यात बॅटरी ७५ किलोवॅट-तासांची होती. सॉफ्टवेअरने तिला ६० वर रोखून धरले होते. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये अर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर चालून आले आणि लोक घरे सोडून निघाले, तेव्हा कंपनीने तिथल्या अशा गाड्यांची अडवलेली क्षमता काही दिवसांपुरती दुरूनच मोकळी केली. एकही सुटा भाग न बदलता त्या गाड्या एका चार्जिंगमध्ये अधिक लांब जाऊ लागल्या. मर्सिडीजच्या ईक्यूएस या विजेवरच्या गाडीत मागची चाकेही वळतात. जर्मनीत ती साडेचार अंश वळतील इतकी मुभा किमतीत होती, आणि दहा अंश वळवायची असतील तर वर्षाला ४८९ युरो भरावे लागत. २०२२ मध्ये बीएमडब्ल्यूने ब्रिटनसह काही देशांत सीट गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर देऊ केली. ब्रिटनमध्ये ती महिना १५ पौंड होती. सीटमधल्या तारा कारखान्यातच बसवलेल्या, म्हणजे गाडीबरोबर ग्राहकाच्या दारात आलेल्या होत्या. या तिन्ही उदाहरणांत वस्तू बनवण्याचा खर्च आधीच होऊन गेला होता. उलट अडवणूक करण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचा जादा खर्च कंपनीने सोसला. पैसे वाचवण्यासाठी सोय गाळली, हे स्पष्टीकरण इथे टिकूच शकत नाही.

मग खरे कारण काय? ते मोटारींचा जन्म होण्यापूर्वीच एका फ्रेंच अभियंत्याने सांगून ठेवले आहे. ज्यूल द्युप्वी हा रस्ते-पूल खात्यातला अभियंता होता आणि पुलांवरचा टोल किती असावा, या प्रश्नाचा विचार करता करता तो अर्थशास्त्रात शिरला. १८४९ साली त्याने रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाकडे बोट दाखवले. त्या काळी काही रेल्वे कंपन्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे आणि बाके उघड्या लाकडाची असत. लोकांना वाटे, कंपनी गरिबांचा दुस्वास करते, किंवा कंजूष आहे. द्युप्वीचे म्हणणे असे की छपराला लागणारे चार पैसे हा मुद्दाच नाही. तिसऱ्या वर्गाचा डबा बरा केला, तर दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडणारे प्रवासीही तिसऱ्याचे तिकीट काढतील, ही कंपनीची धास्ती आहे. छप्पर काढले ते तिसऱ्या वर्गातल्या माणसाला भिजवण्यासाठी नव्हे, दुसऱ्या वर्गातल्या माणसाने खाली उतरू नये म्हणून. भिजतो मात्र तिसऱ्या वर्गातला माणूस. पौने दोनशे वर्षांपूर्वीचा हा विचार आजच्या शोरूमला जसाच्या तसा लागू पडतो. खालच्या गाडीतली उणीव वरच्या गाडीच्या किमतीचे राखण करत असते. ती उणीव म्हणजे कुंपण आहे.

गाड्यांच्या बाजारात हे कुंपण लागते, कारण हा बाजार पायऱ्यांचा आहे. १९२० च्या दशकात जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी शेवरलेपासून कॅडिलॅकपर्यंत गाड्यांची उतरंड रचली : माणसाची मिळकत वाढेल तसा त्याने एकेक पायरी चढावे आणि प्रत्येक पायरीवर गाडी आपलीच असावी. जर्मन कंपन्यांनी पुढे हाच जिना एका नावाखाली उभा केला. बीएमडब्ल्यूची २, ३, ५, ७ ही मालिका किंवा मर्सिडीजच्या ए, सी, ई आणि एस या श्रेणी सामान्य माणसालाही पाठ असतात. जिना असला की दोन पायऱ्यांमधले अंतर सांभाळावे लागते. सर्वांत खालची पायरी फार बरी झाली, तर वरच्या पायरीवर जाण्याचे कारणच उरत नाही, आणि नफा वरच्या पायऱ्यांवर जास्त असतो. म्हणून काय गाळायचे याची निवड फार विचारपूर्वक होते. गाळलेली वस्तू अशी हवी की वरची गाडी परवडणाऱ्याला तिची उणीव रोज टोचावी. पण अशीही हवी की पहिल्यांदाच आलिशान गाडी घेणाऱ्याचा हिरमोड होऊन त्याने पाठ फिरवू नये. या दुहेरी कसोटीतून बाहेरून दिसणारे सगळे बचावते. नाममुद्रा, जाळी, दिवे, चाके हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसते आणि पहिल्या गाडीचा ग्राहक बव्हंशी त्यासाठीच आलेला असतो. गळते ते आत बसणाऱ्यालाच कळणारे : सीटमधली हवा, चालकाच्या बसण्याची ठेवण लक्षात ठेवणारी सीट, मागच्या वाहनाच्या प्रखर दिव्यांचा झोत आपोआप मंद करणारा आरसा, मागच्या प्रवाशांसाठी वेगळे तापमान. उणिवांची यादी हाती घेऊन प्रत्येक नोंदीपुढे ‘हे बाहेरून दिसते का?’ असे विचारत गेले, तर हा क्रम ठळकपणे पुढे येतो.

या मांडणीवर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की आलिशानपणा सोयींच्या यादीत मोजायचाच नसतो. तो गाडीच्या हाडात असतो : चेसिसचा कणखरपणा, १२० च्या वेगालाही केबिनमधली शांतता, दार लागतानाचा भरीव आवाज, खड्ड्यावरून जाताना अंगाला न बसणारा हिसका. या आक्षेपाला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १९८२ साली मर्सिडीजने १९० ही छोटी गाडी काढली, जिला लोक लाडाने ‘बेबी बेंझ’ म्हणू लागले. ती आजच्या सी-क्लासची पूर्वज. तिच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये काचा हाताने फिरवाव्या लागत, गिअर चारच होते आणि प्रवाशाच्या बाजूचा आरसासुद्धा जादा पैसे देऊन घ्यावा लागे. पण तिच्या प्रत्येक मागच्या चाकाला पाच दांड्यांनी तोलून धरणारे सस्पेन्शन होते. त्या आकाराच्या गाडीत एवढी मेहनत तेव्हा कोणी करत नव्हते, आणि पुढे मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांनीही तीच रचना उचलली. बेबी बेंझ घेणाऱ्याला आरसा मिळाला नाही, पण वरच्या गाडीचा कणा मिळाला. असा सौदा असेल, तर उणिवांची तक्रार करणे खरोखरच कोतेपणाचे ठरेल.

प्रश्न इतकाच आहे की आजच्या पहिल्या पायरीवर हा सौदा तसाच शिल्लक आहे का. ऑडीच्या क्यू-३ आणि ए-३ या गाड्या ज्या पायाभूत ढाच्यावर उभ्या आहेत, तोच ढाचा फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या कितीतरी गाड्यांखाली आहे. बीएमडब्ल्यूची एक्स-१ आपला ढाचा मिनीच्या गाड्यांबरोबर वाटून घेते. मर्सिडीजची ए-क्लास लिमोझिन २०२१ साली भारतात सुमारे ४० लाखांना आली, तेव्हा तिचे १.३ लिटरचे पेट्रोल इंजिन मर्सिडीजने रेनो-निसानबरोबर मिळून विकसित केलेले होते. त्याच कुळातले इंजिन आदल्याच वर्षी रेनोच्या डस्टरमध्ये भारतात मिळत होते, आणि ती डस्टर १५ लाखांच्या आत होती. यात कमीपणा काहीच नाही. ढाचा आणि इंजिन वाटून घेतल्याने खर्च वाचतो, आणि त्याच ढाच्यावर आवाज रोखण्याचे, सस्पेन्शन जुळवण्याचे आणि धडकेत माणूस वाचवण्याचे काम या कंपन्या खूप बारकाईने करतात. पण ‘सोयी कमी, कारण पैसा हाडात घातला आहे’ हे म्हणणे १९८२ च्या गाडीला जितके लागू होते, तितके आजच्या गाडीला लागत नाही. हाडाचा खर्च आता भागीदारांत वाटला गेला आहे. त्या बचतीतून सोय परत यायला हवी होती. ती आली नाही, कारण अडचण खर्चाची नव्हतीच.

दुसरा आक्षेप जर्मन रिवाजाचा आहे आणि तोही समजून घेण्यासारखा आहे. जर्मनीत गाडी दुकानातून उचलण्यापेक्षा कारखान्याकडे मागणी नोंदवून बनवून घेण्याची पद्धत जुनी आहे. ग्राहक भल्यामोठ्या यादीतून एकेक सोय निवडतो, तिची किंमत देतो आणि काही महिन्यांनी त्याच्या नावाची गाडी तयार होऊन येते. ज्याला सीटचे तापमान महत्त्वाचे, तो ते घेतो. ज्याला उत्तम ध्वनियंत्रणा हवी, तो ती घेतो. नको असलेल्या सोयीचे पैसे कोणीच देत नाही. अशा व्यवस्थेत मूळ गाडी उघडीबोडकी असणे हे ग्राहकाच्या स्वातंत्र्याचे लक्षण आहे. जपानी कंपन्यांची घडण याच्या उलट झाली. हजारो किलोमीटर दूरच्या अमेरिकेला जहाजाने गाड्या पाठवताना प्रत्येकाच्या आवडीची गाडी बनवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मोजकी मॉडेल ठेवली आणि त्यांत सगळे भरून दिले. १९८९ मध्ये टोयोटाने लेक्सस एलएस ४०० अमेरिकेत सुमारे ३५ हजार डॉलरला आणली आणि भरगच्च सोयींनिशी जर्मन गाड्यांना त्यांच्याच अंगणात आव्हान दिले. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत. अन्याय होतो तो जर्मन पद्धतीची उघडी गाडी जर्मन पद्धतीची यादी न देता विकली जाते तेव्हा. भारतात पहिल्या पायरीची गाडी बहुधा एक-दोन ठरावीक मॉडेलमध्येच येते. गाळलेली सोय पैसे देऊनही मिळत नाही. मग त्याला निवडीचे स्वातंत्र्य कसे म्हणायचे?

याला कंपन्यांकडे एक प्रामाणिक उत्तर आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये आलिशान गाड्यांचा वाटा जेमतेम १ टक्का आहे. मर्सिडीजच्या गाड्या चाकणला, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आणि बीएमडब्ल्यूच्या चेन्नईजवळ जोडल्या जातात. बहुतेक सुटे भाग संच बांधून परदेशातून येतात. प्रत्येक वेगळ्या मॉडेलसाठी वेगळा संच, वेगळा साठा, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून घ्यायच्या मंजुऱ्या हे सगळे थोड्याशा गाड्यांवर वाटावे लागते. लाखांनी गाड्या काढणाऱ्या कोरियन कंपनीला हीच सीट भारतातच बनवून घेता येते. हा युक्तिवाद खरा आहे आणि डझनभर मॉडेल का मिळत नाहीत, हे त्यातून पुरते कळते. पण जे एकच मॉडेल आणायचे आहे, त्याच्यात काय असावे, हे त्यातून ठरत नाही. एकच संच मागवायचा, तर तो उष्ण देशाला साजेसा मागवता येतो. संच ठरवणारा माणूस जेव्हा बाहेरून दिसणाऱ्या मोठ्या चाकांवर खूण करतो आणि सीटमधल्या पंख्यांवर करत नाही, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे मंजुऱ्यांचा खर्च नसून जिन्याची वरची पायरी असते, असे मानायला जागा आहे.

तिसरा आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा आहे आणि तो सर्वांत खोल जातो. कुंपण नसते, तर खालची पायरीच नसती, असे ते म्हणतात. १९९६ साली रेमंड डेनेकेर आणि प्रेस्टन मॅकॅफी यांनी मुद्दाम अधू करून विकलेल्या मालावर एक गाजलेला निबंध लिहिला. आयबीएमने एका लेझर प्रिंटरची स्वस्त आवृत्ती काढली, ती मिनिटाला दहाऐवजी पाचच पाने छापे; गती कमी करण्यासाठी तिच्यात मुद्दाम थांबे घातले होते. इंटेलच्या ४८६ एसएक्स या चिपमध्ये गणिती भाग बंद करून ठेवला होता. या लेखकांनी दाखवले की काही परिस्थितींत अशा अधू मालामुळे सगळ्यांचेच भले होते. ज्याला पूर्ण माल परवडत नाही, त्याला निदान अर्धा मिळतो. पूर्ण माल घेणाऱ्याचे बिघडत नाही. आणि कंपनीचा नफा वाढल्याने पुढचे संशोधन होते. द्युप्वीच्या तिसऱ्या वर्गालाही हे लागू होते. छप्पर नसले तरी डबा होता. नाहीतर त्या माणसाला पायीच जावे लागले असते. हे म्हणणे मला मान्य आहे. कुंपण घालणे हेच पाप आहे, असा माझा दावा नाही. कुंपण कुठे घालावे याला मर्यादा हवी, आणि ती मर्यादा आज बाजार स्वतःहून पाळत नाही, एवढाच माझा आग्रह आहे.

पहिली मर्यादा सुरक्षिततेची. सोय आणि सुरक्षितता यांच्यातली रेषा वाटते तितकी पक्की नसते. काल जी चैन होती ती आज गरज ठरते. गाडी हँडल मारून सुरू करावी लागे, त्या काळात तो हँडल उलटा फिरून मनगटे मोडत. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी बनवलेला विजेचा स्टार्टर आला तो महाग गाडीतली सोय म्हणून. पण वाचली ती माणसांची हाडे. मागच्या कॅमेऱ्याचेही तसेच झाले. गाडी मागे घेताना लहान मुले चाकाखाली येऊन दगावत होती, म्हणून अमेरिकेच्या संसदेने २००८ साली कायदा केला आणि अखेर मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत मागचे दृश्य दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. २०१३ मध्ये जादा पैशांच्या संचात ठेवलेली वस्तू पाच वर्षांनी कायद्याने प्रत्येकाची झाली. भारतात एबीएस ब्रेक २०१९ साली सक्तीचे झाले, तोवर ते कुठल्या मॉडेलमध्ये द्यायचे हे कंपनी ठरवत असे. आपल्या गल्ल्यांत मुले खेळतात, घाटात समोरून आणि मागून प्रखर दिवे डोळ्यांवर येतात. अशा देशात चारी बाजूंचा कॅमेरा आणि झोत मंद करणारा आरसा यांना नुसते चैनीच्या खात्यात टाकता येत नाही. माणसाच्या जिवाशी ज्याचा संबंध आहे, ती वस्तू कुंपणाला वापरू नये.

दुसरी मर्यादा मालकीची. जी वस्तू गाडीत बसवून दिली आहे, जिचे वजन ग्राहक रोज वाहतो आणि बिघडली तर जिची कटकटही त्याच्याच माथी येते, ती कुलूपबंद ठेवून तिचे भाडे मागणे हा कुंपणाचा अतिरेक आहे. आधीच्या पिढीचे डमी बटण निदान रिकामे होते; मागे तारच नव्हती. आता तार आहे, पंखा आहे, मोटर आहे आणि परवानगी तेवढी नाही. कंपन्या म्हणतात, यामुळे ग्राहकाला हवी तेव्हा सोय सुरू करता येते आणि गाडी पुढे विकली तर नव्या मालकालाही निवड राहते. हा फायदा खरा आहे. पण मग तो भाग मूळ किमतीत धरलेला नाही, हे कंपनीने हिशेब मांडून दाखवायला हवे. तसे न करता वर्गणी मागणे म्हणजे एकाच वस्तूचे दोनदा पैसे घेणे. सॉफ्टवेअर जसजसे गाडीचा ताबा घेत आहे, तसतसा हा प्रश्न पहिल्या पायरीपुरता राहणार नाही. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत विजेवरच्या काही गाड्यांचा वेग अधिक झपाट्याने वाढावा म्हणून वर्षाला १,२०० डॉलरची योजना जाहीर केली. त्या गाड्या पहिल्या पायरीच्या मुळीच नव्हत्या.

यावर शेवटचे म्हणणे असे येते की बाजार आपली चूक आपणच सुधारतो. स्पर्धा असताना मर्यादा वगैरे घालायची गरज नाही. यात तथ्य आहे. बीएमडब्ल्यू फोनमधले अ‍ॅपल कारप्ले गाडीच्या पडद्यावर दाखवण्यासाठी अमेरिकेत वर्षाला ८० डॉलर मागत असे. टीका झाली आणि २०१९ च्या अखेरीस कंपनीने ते सोडून दिले. गरम सीटची वर्गणीही २०२३ मध्ये मागे घेतली गेली. भारतात कोरियन आणि देशी कंपन्यांनी स्वस्त गाड्यांत सोयी भरल्यामुळेच आलिशान गाड्यांच्या नव्या आवृत्त्या हळूहळू भरत चालल्या आहेत. पण या प्रत्येक वेळी बाजार सुधारला तो ग्राहकाला अडवणूक स्पष्ट दिसली म्हणून. कारप्लेचे ८० डॉलर बिलावर दिसत होते. सीटमध्ये नसलेला पंखा बिलावर दिसत नाही, आणि नसलेल्या वस्तूची जाहिरात कोणी करत नाही. स्पर्धेला डोळे ग्राहकाचेच लागतात.

कुंपण हलवले तर वरचा वर्ग कोसळतो, ही भीतीही तपासून पाहावी. तिचे सर्वांत चांगले उत्तर द्युप्वीच्याच विषयातून, रेल्वेतून, आणि आपल्याच माणसाकडून मिळते. १९७४ साली भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग हे नाव पुसले, पण दुसऱ्या वर्गाच्या शयनयान डब्यांतल्या फळ्या लाकडाच्याच राहिल्या. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंची फोम बसवायला सुरुवात केली. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्याला वर आणायचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. गादीमुळे वरच्या वर्गांकडे लोकांनी पाठ फिरवली नाही. पुढच्या काळात वातानुकूलित डबे उलट वाढत गेले, कारण वरच्या वर्गाला आता खरोखर काही अधिक द्यावे लागले : थंड हवा, शांतता, जागा. जिन्याच्या पायऱ्यांमध्ये अंतर राखण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे खालची पायरी खणणे, दुसरा म्हणजे वरची पायरी उंच बांधणे. पहिला स्वस्त पडतो, म्हणून कंपनी त्याकडे झुकते. समाजाचे भले मात्र दुसऱ्यात आहे, कारण त्यात काहीतरी नवे घडवावे लागते.

तेव्हा पहिली आलिशान गाडी घेणाऱ्याने शोरूममध्ये काय आहे यापेक्षा काय नाही, याची यादी आधी करावी आणि यादीतल्या प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू कोणाच्या जिवाशी निगडित आहे का? असेल, तर तिच्यावाचून गाडी घेऊ नये, मग नाममुद्रा कुठलीही असो. ही वस्तू गाडीत आधीच बसवलेली असून अडवून ठेवली आहे का? असेल, तर तिचे पैसे मूळ किमतीत धरले आहेत का, ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. आणि तिसरा : तिच्या बदल्यात दुसरे काय मिळाले? बेबी बेंझच्या ग्राहकाला या प्रश्नाचे उत्तर मागच्या चाकांच्या दांड्यांत मिळाले होते. आजच्या विक्रेत्याकडे तितके ठोस उत्तर असेल, तर उणीव खुशाल पत्करावी. कुठल्याही यंत्रात काहीतरी सोडावेच लागते. ते उत्तर नसेल, तर समजावे की जे सोडले ते आपल्यासाठी नव्हे, वरच्या पायरीवरच्या गिऱ्हाइकासाठी सोडले आहे, आणि त्याची किंमत आपण मोजतो आहोत. असे प्रश्न पुरेशा लोकांनी विचारले की कुंपण हलते. कारप्लेच्या वर्गणीचे तेच झाले, गरम सीटचेही तेच झाले, आणि सीटमधल्या पंख्याचेही होईल.